माउंडवरून डगआउटमध्ये: कॉलेजचा कोच झालेल्या पिचरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांमुळे बेसबॉलशी गाठ पडलेले मराठी पालक आणि इथे क्रिकेट सोडून हा खेळ समजून घेऊ पाहणारे वाचक, दोघांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. उत्तरं देताना एक खराखुरा माणूस समोर ठेवला आहे: टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे, म्हणजे टीसीयूचे मुख्य कोच कर्क सारलूस. शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. क्रिकेटमध्ये पिच म्हणजे खेळपट्टी, इथे पिच म्हणजे टाकलेला चेंडू. पिच टाकणारा तो पिचर, तो उभा राहतो तो मातीचा उंचवटा म्हणजे माउंड, आणि संघ बसतो ती मैदानाकडेची जागा म्हणजे डगआउट.

कर्क सारलूस कोण? खेळाडू म्हणून किती मोठे होते?

फार मोठे नव्हते, आणि कोच म्हणून त्यांच्याकडे बघायचं कारणही तेच. जन्म १९७९चा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, फुलर्टनकडून खेळले. २००१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू निवडीत, ह्यूस्टन ॲस्ट्रोजने तिसऱ्या फेरीत घेतलं आणि जून २००२मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरात, ते मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर उतरले. पुढे ओकलंड, सिनसिनाटी आणि २००८मध्ये पुन्हा ओकलंड.

त्यांचं नाव एका चमत्कारिक विक्रमात आहे. ११ जून २००३, यांकी स्टेडियम. ॲस्ट्रोजचा मुख्य पिचर रॉय ऑसवॉल्ट नवांपैकी दुसऱ्याच इनिंगमध्ये जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला. मग पीट मनरो, सारलूस, ब्रॅड लिज, ऑक्टाव्हिओ डोटेल आणि बिली वॅगनर असे एकामागून एक आले आणि सहा जणांनी मिळून यांकीजना एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठायची संधी, मिळू दिली नाही. ॲस्ट्रोज ८-० जिंकले. सारलूसच्या वाट्याला त्यातले चार आउट.

त्यांचा सगळ्यात भरीव हंगाम २००५चा: ओकलंडकडून १० विजय, ९ पराभव. जवळपास १६० इनिंग टाकल्या आणि स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं, फक्त ५३. इतके कमी स्ट्राइकआउट घेऊन त्या पातळीवर वर्षभर टिकायचं, तर बॅटरला चेंडू मारू द्यायचा, पण जमिनीवरून मारायला लावायचा.

मग कोच कसे झाले?

आधी फुलर्टनमध्येच पिचिंग शिकवलं. मग जिम श्लॉसनेगल यांच्या हाताखाली २०१३च्या हंगामापासून टीसीयूचे पिचिंग कोच. २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं टीसीयू ओमाहाला, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीजला गेलं. जून २०२१मध्ये श्लॉसनेगल टेक्सस ए अँड एमला गेले आणि सारलूस मुख्य कोच झाले. २०२२मध्ये बिग १२ या कॉलेजांच्या गटाचं साखळी विजेतेपद आलं. २०२३मध्ये संघ पुन्हा ओमाहाला गेला आणि अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर फ्लोरिडाकडून ३-२ असा हरला.

त्यांच्या पिचिंग कोचच्या काळातलं सगळ्यात गाजलेलं नाव ब्रँडन फिनेगन. हा डावखुरा जून २०१४मध्ये टीसीयूकडून ओमाहात खेळला, त्याच महिन्यात कॅन्सस सिटी रॉयल्सने त्याला सतराव्या क्रमांकावर निवडलं आणि ऑक्टोबरमध्ये तो मेजर लीगच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पिच करत होता. एकाच वर्षात दोन्ही स्पर्धा खेळलेला तो पहिलाच.

ज्याच्याकडे स्वतःचा वेग नव्हता, तो ताशी ९५ मैल टाकणाऱ्या पोराला काय शिकवणार?

हा प्रश्न उलटा विचारला तर उत्तर सापडतं. ज्याला वेग जन्मजात मिळाला, त्याची चूक झाकली जाते. मध्यावर पडलेला ९७ मैलांचा चेंडूही पुष्कळदा निभावून जातो, ८८ मैलांचा स्टँडमध्ये जातो. त्यामुळे कमी वेगाच्या पिचरला तीन गोष्टी शिकाव्याच लागतात: पहिला पिच स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्यात, टाकणं, गुडघ्याच्या उंचीवर सातत्याने टाकणं, आणि दोन वेगवेगळे पिच हातातून सुटताना सारखेच दिसतील हे सांभाळणं. या तिन्ही शिकवता येतात. वेग त्या मानाने थोडाच वाढवता येतो.

धोकाही आहे. बरेच माजी खेळाडू आपलं शरीर दुसऱ्यावर चढवतात: 'मी असा पाय उचलायचो, तूही उचल.' सहा फुटी माणसाचा हात ज्या कोनातून येतो, तो सहा फूट सहा इंची मुलाला जमेलच असं नाही. चांगला कोच पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक काही बदलत नाही. बघतो, मोजतो, व्हिडिओ साठवतो. आल्या आल्या हाताचा कोन बदलायला लावणाऱ्याकडे मुलगा पाठवू नका, मग त्याची कारकीर्द कितीही झगमगती असो.

माउंडचं बाळकडू घेतलेले बाकीचेही आहेत. यूसीएलएचे जॉन सॅव्हेज सिनसिनाटीच्या मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीच्या, संघांतून पिच करायचे. २०११च्या ड्राफ्टमध्ये त्यांचे दोन पिचर, गेरिट कोल आणि ट्रेव्हर बाउर, पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले, आणि २०१३मध्ये यूसीएलएने विजेतेपद जिंकलं.

सिंकर म्हणजे नेमकं काय? हातात कसा धरतात?

बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच, वजन ५ ते सव्वापाच औंस, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका. शिवण नालेच्या आकारात फिरते आणि दोन ठिकाणी तिच्या दोन ओळी अगदी जवळ येतात. सिंकरसाठी तर्जनी आणि मधलं बोट त्या जवळजवळच्या ओळींवर, त्यांना समांतर ठेवतात. अंगठा बरोबर खाली. चेंडू तळहातात रुतवायचा नाही. तळहात आणि चेंडू यांच्यात फट दिसली पाहिजे. सोडताना जोर तर्जनीवर.

त्यामुळे फिरकीचा अक्ष कलतो. साध्या फास्टबॉलची उलटी फिरकी चेंडूला थोडं तोलून धरते; सिंकरला तो आधार कमी मिळतो, म्हणून तो जास्त खाली येतो आणि पिचरच्या हाताच्या बाजूला सरकतो. उजव्या हाताच्या पिचरचा सिंकर उजव्या बॅटरच्या अंगावर येतो. बॅट चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर बसते, चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, जातो, आणि पहिल्या बेसवर धावपटू असेल तर एका पिचमध्ये दोन आउट.

काय बिघडतं? बहुतेक वेळा मुलगा चेंडू मुद्दाम खाली 'वळवायला' जातो. मनगट बाजूने फिरतं, वेग दोन-तीन मैलांनी पडतो आणि चेंडू कंबरेच्या उंचीवर सपाट येऊन बसतो. उपाय कंटाळवाणा आहे: साठ फुटांवरून साध्या कॅचमध्ये रोज २० चेंडू याच पकडीने, फास्टबॉलच्याच हाताने टाकायचे. वळण पकडीतून येऊ द्यायचं.

आणखी एक बारकावा. कॉलेजचा चेंडू पूर्वी उठावदार शिवणीचा असायचा. २०१५पासून शिवणीची उंची ०.०४८ इंचांवरून ०.०३१ इंचांवर आली. चेंडू हवेत जास्त लांब जाऊ लागला आणि शिवणीत बोट अडकवून कर्व्ह, म्हणजे वळत खाली पडणारा पिच, टाकणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली. जुन्या पुस्तकांतल्या पकडी जशाच्या तशा चालत नाहीत, त्या यामुळे.

कॉलेजमध्ये पिचरचा आठवडा कसा असतो?

मेजर लीगपेक्षा इथलं गणित वेगळं आहे. तिथे सामने जवळपास रोज, म्हणून सुरुवातीचा पिचर पाचव्या-सहाव्या दिवशी येतो. कॉलेजात मुख्य मालिका शुक्रवार-शनिवार-रविवारी आणि मंगळवारी वगैरे एखादा सामना. पहिल्या विभागात, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या पातळीवर, नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने, सुरुवात फेब्रुवारीच्या मध्यावर. म्हणजे सुरुवातीचा पिचर बरोबर सात दिवसांनी येतो, आणि 'फ्रायडे गाय' म्हणजे संघाचा सर्वात भरवशाचा.

त्याचा आठवडा साधारण असा जातो:

शुक्रवार: सामना, ९० ते १०० पिच.
शनिवार: सायकल किंवा हलकं पळणं, खांदा आणि कंबर मोकळी करणं. चेंडूला हात लावला तर दहा मिनिटं, ४५ फुटांवरून.
रविवार: ६० ते ९० फुटांवरून कॅच. पायांची जड वजनं याच दिवशी किंवा सोमवारी. गुरुवारी कधीच नाही.
सोमवार: हात साथ देत असेल तर लांब फेक, नाहीतर पूर्ण सुट्टी.
मंगळवार किंवा बुधवार: बुलपेन, म्हणजे बाजूच्या सरावाच्या माउंडवर, २५ ते ३० पिच.
गुरुवार: ६० फुटांवर हलकी कॅच, माउंडवरून आठ-दहा चेंडू, फक्त हाताची ओळख ठेवायला.

गाडी घसरते ती बुधवारी. शुक्रवारी मार खाल्लेला मुलगा बुधवारी ५० पिच टाकून चूक 'दुरुस्त' करायला जातो आणि शुक्रवारी पाचव्या इनिंगला हात जड पडतो. कोचने बादलीत मोजून चेंडू ठेवावेत. बादली संपली की बुलपेन संपलं, मग शेवटचा पिच कितीही वाईट पडो.

बुलपेनमध्ये ते दोऱ्या बांधतात, ते कशासाठी?

तो मारण्याजोगा पट्टा, म्हणजे स्ट्राइक झोन, डोळ्यांना दिसावा म्हणून. होमप्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या, थोडं पुढे दोन्ही बाजूंना दोन खांब, त्यांच्यात दोन आडव्या दोऱ्या: खालची जमिनीपासून साधारण १८ इंचांवर, वरची ४२ इंचांच्या आसपास. आडव्या दोऱ्यांना दोन उभ्या दोऱ्या बांधायच्या, १७ इंचांच्या अंतराने, कारण प्लेटची रुंदी तेवढीच. खालच्या भागात आणखी एक आडवी दोरी घातली की गुडघ्याजवळची अरुंद पट्टी वेगळी दिसते. सिंकर टाकणाऱ्याने ३० पैकी निदान १५ चेंडू त्या पट्टीतून न्यावेत, हे सुरुवातीचं वाजवी लक्ष्य.

दोरी नायलॉनची नको, लवचिक घ्या. चेंडू लागला की नायलॉनची गाठ सरकते आणि अर्ध्या तासात झोन वाकडा होतो. ट्रॅकमॅन आणि रॅप्सोडो ही यंत्रं वेग, फिरकी, अक्ष सगळं सांगतात, मोठ्या कॉलेजांत ती असतातच. तरी शंभर-दोनशे डॉलरच्या सामानातून उभ्या राहिलेल्या या दोऱ्या आम्ही आधी लावू. फिरकीचे आकडे बघायची चटक लागलेला मुलगा चेंडू कुठे पडला हे बघायचं विसरतो.

कोणता पिच टाकायचा हे कोण ठरवतं?

कॉलेजात बहुतेक संघांत डगआउटमधून पिचिंग कोच. क्रिकेटवाल्यांना हे पचायला जड जातं. बरीच वर्षं मनगटी कार्डाची पद्धत होती: कॅचरच्या, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिच झेलणाऱ्याच्या, मनगटावर प्लास्टिकच्या खिशात आकड्यांचा तक्ता, कोच बोटांनी किंवा तोंडाने तीन आकडे सांगतो, समजा ४-१-३. कॅचर ओळ आणि रकाना जुळवतो, तिथे लिहिलेलं असतं 'सिंकर, आत, खाली'. एकाच पिचला पाच-सहा वेगवेगळे आकडे ठेवतात आणि दर सामन्याला कार्ड बदलतात, कारण समोरच्या डगआउटमध्ये कोणीतरी वही घेऊन बसलेलाच असतो. आता एकतर्फी इलेक्ट्रॉनिक संदेशालाही परवानगी आहे, त्यामुळे कार्डं कमी दिसतात.

मतभेद कायम आहेत. कोचने ठरवलं की मुलाच्या डोक्यावरचं ओझं हलकं होतं, हे खरं. पण तीन वर्षं दुसऱ्याने सांगितलेलं टाकून व्यावसायिक संघात गेलेल्या मुलाला बॅटर वाचता येत नाही. निदान मधल्या आठवड्याच्या सामन्यात पिचर-कॅचरला ठरवू द्यावं. चार धावा जातील, जाऊ द्याव्यात.

कोच माउंडवर जाऊन काय बोलतो?

बहुतेक वेळा काही नाही. श्वास घ्यायला अर्धं मिनिट मिळवून देतो आणि बुलपेनमधल्या राखीव पिचरला तयार व्हायला वेळ. एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे कोच दुसऱ्यांदा गेला तर पिचर बदलावाच लागतो, म्हणून पहिली फेरी जपून वापरतात. तंत्राबद्दल तिथे बोलू नये. बोललंच तर एक वाक्य: 'पुढचा बॅटर, सिंकर, शॉर्टस्टॉपकडे.'

चेंडू सारखा वर आणि हाताच्या बाजूला जातो. चूक कुठे?

उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू उजव्या बॅटरच्या डोक्याच्या दिशेने उडत असेल, तर आधी पुढचा, म्हणजे डावा खांदा बघा. पाय जमिनीवर टेकायच्या आधीच तो उघडतो, छाती प्लेटकडे वळते आणि हात मागे रेंगाळतो. कोच 'चेंडू लवकर सोडतोयस' म्हणतात. लक्षण म्हणून ते बरोबर आहे, पण कारण कंबरेखाली असतं.

तपासायचा क्रम असा. मागचा पाय रबरवर, म्हणजे माउंडवरच्या पांढऱ्या पट्टीवर, ज्या जागी आहे तिथून प्लेटच्या मध्याकडे मातीवर काठीने सरळ रेघ ओढा. दहा पिच टाकायला लावा आणि दर वेळी पुढच्या पायाचा ठसा बघा. ठसा रेघेच्या दोन-तीन इंचांच्या आत हवा. उजव्या पिचरचा पाय डावीकडे पाच-सहा इंच पडत असेल तर कंबर आधीच उघडली आहे. फार उजवीकडे पडत असेल तर उलटं: स्वतःच्याच अंगाला वळसा घालून टाकावं लागतं आणि खांद्यावर ताण येतो. माउंड १० इंच उंच आहे आणि पुढे दर फुटाला एक इंच उतरतो, म्हणून सपाट जमिनीवर नीट पडणारा पाय उतारावर घाई करतो. सपाटीवरच्या सरावाने हा दोष सापडत नाही.

चेंजअपमध्ये, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणाऱ्या पण हळू येणाऱ्या पिचमध्ये, दोष वेगळा. वेग कमी करायचा म्हणून मुलं हातच हळू करतात आणि बॅटरला ते लगेच दिसतं. हात फास्टबॉलचाच, चेंडू फक्त बोटांत खोल धरायचा. आठ-दहा मैलांचा फरक पकडीतूनच पडतो.

हाताची काळजी: किती पिच, किती विश्रांती?

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची 'पिच स्मार्ट' ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. १५-१६ वर्षांसाठी दिवसाला ९५, १७-१८ साठी १०५, १९ ते २२ साठी १२० पिच. १७-१८ वर्षांच्या मुलासाठी विश्रांती: ३० पर्यंत पिचला शून्य दिवस, ३१-४५ ला एक, ४६-६० ला दोन, ६१-८० ला तीन, ८१ पासून पुढे चार.

कॉलेजात एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची पिचसंख्येवर सक्तीची मर्यादा नाही. मे-जूनच्या बाद फेऱ्यांत शुक्रवारी ११० टाकलेला मुलगा सोमवारी पुन्हा माउंडवर दिसतो तो त्यामुळे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आमच्या मते त्याचा हिशोब कोचकडेच मागायला हवा.

कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट गेला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर केली. परत सामन्यात यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. आधीची लक्षणं ओळखीची आहेत: कोपराच्या आत दुखणं, पहिल्या दोन इनिंगनंतर वेग एकदम दोन-तीन मैलांनी उतरणं, चेंडू वर राहणं, दोन पिचमधला वेळ वाढणं. मुलगा 'ठीक आहे' म्हणणारच. रडार गनवर विश्वास ठेवा.

अमेरिकेत शिकणाऱ्या आमच्या मुलाला कॉलेजचे कोच कधी संपर्क करू शकतात?

पहिल्या विभागाच्या बेसबॉलमध्ये अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी तुम्ही ईमेल पाठवू शकता, उत्तर येणार नाही. त्याचा अर्थ नकार असा घेऊ नका. अभ्यासाची अट आपल्या घरांत सहसा अडचण ठरत नाही: १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी. पैशांबद्दल मात्र गैरसमज फार. वर्षानुवर्षं पूर्ण संघासाठी मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, म्हणजे बहुतेकांना पाव किंवा अर्धीच मिळायची. २०२५पासून नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, पण संघात ३४ जणच ठेवता येतात. जागा कमी झाल्या आणि दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणारे अनुभवी खेळाडू रांगेत पुढे आहेत.

ड्राफ्टचंही समजून घ्या. चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षं होईपर्यंत व्यावसायिक संघ घेऊ शकत नाही. म्हणजे पिचिंग कोच कोण आहे हे निदान तीन वर्षांसाठी महत्त्वाचं, फक्त तो मधेच दुसरीकडे जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच सही करा.

भारतातला वेगवान गोलंदाज पिचर होऊ शकतो का?

भारतातून एक प्रयोग झाला आहे, पण तो गोलंदाजांवर नव्हता. २००८मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले, दोघेही भालाफेकपटू. त्यांना शिकवलं टॉम हाउस यांनी. हाउस स्वतः मेजर लीगचे माजी पिचर, त्यावेळी युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात होते. १९७४मध्ये हँक ॲरनचा ७१५वा होमरन बुलपेनमध्ये झेलला तो हाउस यांनीच. दोघा भारतीयांना त्याच नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही.

गोलंदाजाची अडचण कोपर हीच आहे. वर्षानुवर्षं तो सरळ ठेवायची सवय, आणि इथे वाकवून झटक्याने सरळ करायचा. शिवाय धावत येणं नाही. सगळा वेग एका पावलातून काढायचा. त्यापेक्षा सीमारेषेवरून सपाट, जोरकस थ्रो करणारा क्षेत्ररक्षक लवकर जमवतो.

कोचला व्हिडिओ पाठवायचा तर कसा?

दोन ते तीन मिनिटं, गाणं न लावता. पहिल्या पाच सेकंदांत नाव, उंची, वजन, शाळेचं वर्ष, कोणत्या हाताने टाकतो. मग दोन बाजूंनी चित्रीकरण: कॅचरच्या मागून, जाळीतून, म्हणजे चेंडूची हालचाल दिसते, आणि बाजूने, पिचरची छाती ज्या बाजूला असते तिथून, म्हणजे पाऊल आणि खांदा दिसतो. प्रत्येक पिचचे पाच-सहा नमुने सलग, मधले वाईट चेंडू न कापता. रडारचा आकडा चौकटीत दिसत असेल तर उत्तम. स्वतः लिहिलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. एक स्लो मोशन पुरे. फाइल जोडू नका, लिंक द्या, आणि ईमेलच्या विषयातच वर्ष, हात आणि गाव लिहा. ईमेल मुलानेच लिहावा. आईवडिलांच्या पत्त्यावरून आलेला ईमेल कोच वाचतात, पण त्यातून मुलाबद्दल त्यांना काही कळत नाही.